चौदाव्या वहीतली सुई

सकाळी नऊला समोरच्या शाळेची घंटा व्हायची. तिच्या पहिल्या ठोक्याला मास्तर हातातलं काम खाली ठेवायचे. खिशातून एक चपटी डबी काढायचे. एक गोळी, दोन घोट पाणी. घंटा थांबेपर्यंत स्वस्थ बसायचे. मग पुन्हा सुई उचलायचे.

वापरलेलं ब्लेड ते कधी केराच्या टोपलीत टाकत नसत. त्यासाठी पत्र्याचा एक डबा होता, झाकणाला चीर पाडलेला. डबा भरला की झाकणावर चिकटपट्टी, आणि वर मोठ्या अक्षरांत: आत ब्लेड आहेत, उघडू नये.

सुई उसनी द्यायचे नाहीत. "माझं डोकं माग, देईन. सुई मागू नकोस." त्यांच्या सुया लाल कापडात टोचलेल्या असत. माझ्या निळ्या कापडात.

कागद बोटाला लागतो. आमच्या कामात दिवसातून दोनदा तरी लागतोच. मी बोट तोंडात घालून मोकळी व्हायचे. ते उठायचे, साबणानं धुवायचे, कोरडं करायचे, पट्टी लावायचे आणि मगच बसायचे.

कोणी खोकलं की खिडकी उघडायचे. दोन आठवड्यांनंतरही खोकला गेला नाही तर त्या माणसाला थुंकी तपासायला पाठवायचेच. देवघेवीच्या खिडकीवरच्या भाऊंना तर स्वतः घेऊन गेले होते. काही निघालं नाही. "फुकटचा फेरा," भाऊ म्हणाले. "फुकटचा फेरा हाच सगळ्यात चांगला फेरा," मास्तर म्हणाले.

पाणी घरचं, उकळलेलं. उघड्यावर कापलेलं फळ नाही. संध्याकाळी घरी चालत. दर मंगळवारी अर्धी रजा. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून ते तळहाताएवढ्या वह्या बांधायचे. मी विचारलं, कोणाला? म्हणाले, ओळखीच्यांना.

आणि चहा अर्धा. खोलीत कप एकच होता. अर्धा ते प्यायचे, अर्धा मी. आधी कोण, याचा नियम नव्हता. ज्याचे हात मोकळे तो आधी.

या सवयी मी दीड वर्ष रोज पाहिल्या. मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे.

मी त्या वाचनालयात लागले तेव्हा माझ्याकडे साहित्याची पदवी होती. दुसरं काही नव्हतं. मॅडमनी, म्हणजे ग्रंथपालांनी, मला फाटकी पुस्तकं वेगळी काढायला बसवलं. फाटकी पुस्तकं मागच्या खोलीत जात. तिथे मास्तर बसत. सेहेचाळीस वर्षांचे, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल. लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचा डबा, खुंटीला दोऱ्यांच्या लडी, कोपऱ्यात एक नळ. खोलीला खळीचा आणि जुन्या कागदाचा वास होता. तो केसांत बसायचा. घरी आई म्हणायची, तू पुस्तकं वाचतेस की शिजवतेस?

"काय शिकलीस?" पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं.

"साहित्य."

"म्हणजे पुस्तकाच्या आतलं तुझं, बाहेरचं माझं. वाटणी झाली. आता भांडायचं नाही."

तेव्हापासून मी पदवीधर झाले. "पदवीधर, तो पुठ्ठा दे." "पदवीधर, खळ उतू चाललीय, कविता नंतर."

महिन्याभरात मी पुस्तकं वेगळी काढून मागच्या खोलीतच रेंगाळायला लागले. त्यांनी मला शिवण शिकवली. घड्या घातलेल्या पानांचा छोटा गठ्ठा म्हणजे जुज. जुजाच्या घडीत आरीनं भोकं पाडायची. दोऱ्यावरून मेण फिरवायचं. मग एका जुजातून दुसऱ्यात.

"खेच बेताची ठेव," ते म्हणायचे. "सैल राहिली तर पान लोंबतं. जास्त झाली तर दोराच कागद कापतो. संसाराचंही असंच."

"मला काय माहीत संसाराचं?"

"म्हणून तर सांगतोय. माहीत असलेल्यांना सांगून काय उपयोग?"

असे दिवस चालले होते. मग एके दिवशी त्यांचा हात कापला.

पुठ्ठा जाड होता. सुरी पट्टीवरून सटकली आणि डाव्या तळहातात गेली. मी शेजारीच उभी होते. मी काही विचार केला नाही. दोन्ही हातांनी त्यांचा तळहात गच्च दाबला.

"हात काढ!"

मी मास्तरांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, रक्त..."

"दूर हो! नळाखाली जा. साबण लाव. चोळू नकोस, पिळू नकोस, नुसतं धू. धूत राहा."

मी रागानं नळाशी गेले. मदत करायला जावं आणि वर बोलणी खावीत. पाठीमागे त्यांनी एका हातानं कापूस लावला, फडकं गुंडाळलं, दातानं गाठ मारली. टेबलावरचं रक्त स्वतः पुसलं. ते फडकं वेगळ्या पिशवीत बांधलं. मला काही करू दिलं नाही.

मग म्हणाले, "हात दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी शिवले नाहीत. चष्मा वर करून नुसते बघितले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सकाळची चीर होती. कागदाची. केसाएवढी.

ते स्टुलावर बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"पर्स घे," शेवटी म्हणाले. "तुला माझ्याबरोबर यायचंय."

मॅडमना सांगितलं, मोठ्या रुग्णालयात टाके घालून येतो, हात बांधलाय म्हणून हिला नेतो. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मी फुगून बसले होते.

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत एक लांब व्हरांडा होता. भिंतीला लागून लाकडी बाक. बाकावर पाचसहा जण, एकमेकांमध्ये अंतर ठेवून बसलेले. टाके घालून झाल्यावर मास्तर मला तिथे घेऊन आले. आम्ही टोकाला बसलो.

"तुझ्या बोटाला सकाळी कागद लागला होता."

"हो. त्याचं काय?"

"तिथे माझं रक्त लागलं."

"मग? धुतलं की. तुम्हीच ओरडून धुवायला लावलंत."

"मला एचआयव्ही आहे. सोळा वर्षं झाली."

बसचा नंबर सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

माझा हात बाकावर होता. त्यांच्या हाताशेजारी. मी तो उचलून मांडीवर घेतला. ठरवून नाही घेतला. पण घेतला, आणि त्यांनी पाहिलं.

समोर एक पंखा फिरत होता. त्याचं एक पातं वाकडं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला एकच प्रश्न सुचला, आणि तोच विचारायला नको होता.

"कुठून आला?"

ते रागावले नाहीत. "माझ्याकडे ओलं झालेलं पुस्तक येतं. पाणी कुठलं होतं ते मी विचारत नाही. आधी सुकवायला घेतो."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "खरं तर सांगितलं नसतं तरी चाललं असतं. गोळीमुळे माझ्या रक्तात तो विषाणू तपासणीत सापडतही नाही. तुला काही होणार नाही, हे मला नव्याण्णव टक्के माहीत आहे. पण उरलेला एक टक्का तुझा आहे. तो मी माझ्याकडे कसा ठेवून घेऊ?"

मी बोटावरची केसाएवढी चीर पाहिली.

"आधी मी एका छापखान्यात होतो. तिथे कळलं. पहिल्यांदा माझा कप वेगळा झाला. मग स्टूल वेगळं. मग मीच वेगळा." त्यांनी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "इथे सात वर्षं झाली. टेबल चांगलं आहे. उजेड चांगला येतो. आता ते टेबल तुझ्या हातात आहे, पदवीधर. मी शपथ वगैरे घालत नाही. फक्त सांगून ठेवतो."

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि बोलताना त्या टेबलावर तो शोधत होत्या. मास्तरांची फाइल त्यांनी न शोधताच उचलली.

"बारा वर्षं सलग विषाणू सापडत नाही," त्या मला म्हणाल्या. "रक्त किती लागलं? लगेच धुतलंस? मग खरं सांगते. धोका जवळपास नाहीच. गोळ्यांची गरज मला वाटत नाही. घ्यायच्याच असल्या तर बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. अठ्ठावीस दिवस, एकही न चुकवता. तू ठरव."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"घेते," मी म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. पण शब्द मागे घेतला नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. माझं रक्त तपासायला घेतलं, पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. निघताना मी दारातच थांबले. त्यांना कळलं.

"विचार. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"आम्ही एका कपातला चहा पितो."

"पीत राहा. कप, ताट, टॉवेल, मिठी, डास, शिंक, यातून नाही. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून, आणि आईकडून बाळाला. आणि यांच्यासारखी गोळी रोज घेऊन विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही नाही. यांच्या बायकोच्या रिपोर्टचं विचार यांना."

मास्तर चक्क लाजले. "कोरा," म्हणाले. "दर वर्षी कोरा. पोरीचाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम."

परतताना बसमध्ये मला त्यांच्या सवयी एकेक करून आठवायला लागल्या. सुई. ब्लेडचा डबा. पट्टी. आणि मग चहा. दीड वर्ष त्यांनी मला सुई दिली नव्हती आणि चहा दिला होता. काय जपायचं आणि काय नाही, हे त्यांना बरोब्बर माहीत होतं. रेघ नेमकी होती. माझ्याकडे ती रेघ नव्हती. माझ्याकडे नुसती भीती होती, सगळीकडे सांडलेली.

हे डोक्याला कळलं. घशाला कळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता भाऊ चहा घेऊन आले. भाऊ चहा आणून द्यायचे आणि तो संपेपर्यंत बसायचे. त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर व्हायची. वाचनालयात वर्तमानपत्रं उगाच घेतात, असं मॅडम म्हणत.

मास्तर अर्धा प्यायले. कप माझ्यापुढे सरकवला.

"आज नको. पित्त झालंय."

उरलेला स्वतः प्यायले.

तिसऱ्या दिवशी मी दात दुखतो म्हणाले. चौथ्या दिवशी चहाच सोडला म्हणाले.

"चहा सोडला?" भाऊ म्हणाले. "साहित्यवाली माणसं चहा सोडायला लागली तर मग लिहिणार कोण? की तुम्ही दोघं भांडलात?"

"नाही हो."

"मग मास्तरांना काही झालंय का? त्या दिवशी हात कापला तेव्हापासून बघतोय. तू चार हात लांब बसतेस."

भाऊ नुसती चेष्टा करत होते. पण मास्तरांचा हात मेणाच्या तुकड्यावर थांबला. मी नजर वर केली नाही. गोळ्यांची बाटली मात्र मी त्यांच्याच खणात ठेवली होती, कारण घरी आई कपाटाची झडती घेते. रोज नऊच्या घंटेला आम्ही दोघं गोळी घ्यायचो. ते त्यांची, मी माझी. माझ्या गोळीनं मला मळमळायचं. ते लिमलेटची गोळी पुढे करायचे, कागदात गुंडाळलेली. ती मी घ्यायचे. चहा घ्यायचे नाही.

पाचव्या दिवशी भाऊंनी दोन कप आणले.

"घ्या. एक तुझा, एक त्यांचा. घटस्फोट मंजूर."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. पांढरा नवा कप होता, काठाला निळी रेघ. भाऊंनी तो माझ्यासमोर ठेवला आणि जुना मास्तरांसमोर.

मास्तरांनी नव्या कपाकडे पाहिलं. मग आपल्या कपाकडे. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पण कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा कानावर खोचली. मग कप उचलून प्यायला लागले. हळूहळू. मान खाली.

पहिल्यांदा माझा कप वेगळा झाला.

छापखान्यातही असंच झालं असेल. कोणीतरी हसत एक नवा कप आणून ठेवला असेल. कोणाच्या मनात वाईट नसेल.

"भाऊ," मी म्हणाले, "हा तुम्ही घ्या." नवा कप मी त्यांच्या हातात दिला. "मला एवढा जात नाही."

मग मी मास्तरांपुढे हात केला. ते निम्म्यावर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप लगेच दिला नाही.

"दात दुखतोय ना?"

"राहिला."

"बळजबरीनं कोणी काही पिऊ नये."

"द्या म्हणते ना."

त्यांनी कप दिला. मी काठाला तोंड लावलं. फिरवून घेतला नाही. त्यांनी जिथून प्यायला होता तिथूनच. चहा कोमट झाला होता. साखर कमी होती. मी तो संपवला. घसा एकदा अडला, मग मोकळा झाला.

"मिटलं वाटतं," भाऊ म्हणाले.

"मिटलं," मास्तर म्हणाले आणि नाक शिंकरायला नळाशी गेले.

अठ्ठावीस दिवस संपले. ठरलेल्या तपासण्या झाल्या. शेवटचा कागद मी त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. "अभिनंदन, कोरी पदवीधर." शेवटची गोळी घेतली त्या दिवशी मी म्हणाले होते, सुटले. आणि लगेच जीभ चावली. ते म्हणाले, "अगं, म्हण की. अठ्ठावीस दिवस काही कमी नाहीत. मी सोळा वर्षांचे म्हणून मोजतच नाही. आजची घेतली का, एवढंच मोजतो."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जायला लागले. दोन खोल्या, गॅलरीत कुंड्या, भिंतीला पोरीच्या उंचीच्या खुणा. पोर नऊ वर्षांची, बापासारखीच कानावर पेन्सिल लावणारी. काकू शिवणाच्या मशिनवर बसल्या बसल्या बोलायच्या.

"त्यांनी निकाल हातात पडला त्याच दिवशी मला सांगितलं. लग्नाला वर्षच झालं होतं. माझी तपासणी केली तर मी सुटलेली. मी माहेरी निघून गेले. महिनाभर राहिले. मग परत आले." मशीन थांबलं. "का आले ते विचारू नकोस. मलाही नीट माहीत नाही. रोज फोन करायचा माणूस. ये म्हणायचा नाही. आज गोळी घेतली, एवढंच सांगायचा."

"आणि हिच्या वेळी?"

"डॉक्टरांना विचारून, सगळं तपासून. घाई कसली? आमच्याकडे सगळं बेतानं." त्या हसल्या. "खेच बेताची, म्हणतात ना तुझे मास्तर."

त्या वह्या कोणासाठी होत्या तेही मला तेव्हा कळलं. दर मंगळवारी रुग्णालयातल्या समुपदेशक ताई त्यांना नव्या माणसांशी बोलायला बसवत. व्हरांड्यातल्या त्या बाकावर. ज्याला त्याच आठवड्यात कळलंय, अशा माणसाशी. मास्तर फार बोलत नसत. वही द्यायचे. आत रोजचा एक चौकोन. गोळी घेतली की खूण करायची. वर ग्रंथांच्या कापडाचा उरलेला तुकडा, कसलंही नाव नाही. खिशात राहते, टेबलावर पडली तरी कोणाला वाटेल पत्त्यांची वही आहे.

"फोनमध्ये गजर लावता येतो की," मी म्हणाले होते.

"गजर सगळ्यांना ऐकू येतो. खूण एकट्याला दिसते."

मागच्या महिन्यात ताईंनी वीस वह्या सांगितल्या. नवी माणसं वाढली होती. पुढच्या मंगळवारपर्यंत हव्या होत्या. मास्तर पाच वाजता वाचनालयाचं काम आवरायचे आणि सहापर्यंत वह्या शिवायचे. मी घड्या घालून द्यायचे. शुक्रवारपर्यंत तेरा झाल्या. एकावर एक, शिकंज्याशेजारी.

सोमवारी दुपारी ते चौदावी शिवत होते. दोरा धरून बघितला.

"पुरायचा नाही. आणतो."

"मी जाते."

"तुला जाड-बारीक कळत नाही. साहित्यवाली ना तू. पाच मिनिटांत येतो."

सुई तशीच जुजात ठेवली आणि गेले. चहा यायचा होता.

पाच मिनिटांनी आले नाहीत. अर्ध्या तासानं कोपऱ्यावरचा दुकानदार आला. दोरा, खळ, पुठ्ठे आम्ही त्याच्याकडूनच घेत असू. त्याच्या हातात दोऱ्याची लड होती आणि शर्टावर धूळ. वळणावर एका मोटारसायकलनं मास्तरांना उडवलं होतं.

"मी पहिला पोचलो," तो सांगत होता. मॅडम, भाऊ, मी, सगळे उभे. "हात धरून उठवायला गेलो तर माझ्यावरच खेकसले. म्हणे, आधी हाताला पिशवी घाल! मला वाटलं, डोक्याला मार लागलाय. पण असं बघत होते, की मी दुकानातून दोन पिशव्या आणून घातल्या. मग म्हणाले, आता धर. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही तेच. हातमोजे आहेत का, आधी घाल. एवढं लागलं होतं माणसाला, आणि काय सुचतं बघा."

"मास्तर म्हणजे मास्तर," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "टापटीप कुठे सोडायचे नाहीत."

माझे दोन्ही हात मी एकमेकांत धरून ठेवले होते.

रुग्णालयात पोचलो तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. आत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी गेले. सोळा वर्षं त्यांनी एका गोष्टीला रोज नऊ वाजता थोपवून धरलं होतं. ती आलीच नाही. आली ती दुसरीच, वळणावरून.

हे लिहायच्या आधी मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, लिही. नाव नको, पोरीची शाळा आहे. बाकी सगळं घाल.

"पण वाचनालयातले ओळखतील ना?"

काकूंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "ओळखू देत. आता त्यांचा कप कोण वेगळा करणार?"

मागच्या मंगळवारी मी तेरा वह्या घेऊन रुग्णालयात गेले. ताईंनी मोजल्या नाहीत. बाकावरच्या माणसांना मीच वाटल्या. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून नुसत्या दिल्या. टोकाला एक मुलगी बसली होती. माझ्याच वयाची असेल. तिच्यापर्यंत पोचले तेव्हा माझे हात रिकामे होते. मी तिच्या शेजारी बसले. हात बाकावर ठेवला, तिच्या हाताजवळ, आणि ठेवूनच राहिले.

"वही पुढच्या मंगळवारी आणते," मी म्हणाले. "तोवर कॅलेंडरवर खूण कर."

तिनं विचारलं, "कसली वही?"

मी सांगितलं.

तो मंगळवार परवा आहे. मागच्या खोलीचं टेबल मी आवरलेलं नाही. सहा वह्यांची पानं घड्या घालून तयार आहेत. दुकानदारानं आणलेली दोऱ्याची लड तशीच, न सोडलेली. चौदाव्या वहीचे पाच जुज. तीन शिवून झालेत. चौथ्याच्या घडीत सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. दोरा वीतभर उरलाय. सुई लाल कापडातली आहे.